बोटभर जागा

कौसल्या मेली आहे असं प्रभंजनला वाटलं, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं.

गणपती होऊन आठ-दहा दिवस झालेले. धारवाडचा तो भुरभुर पाऊस, पडतोय म्हणावं तर पडत नाही आणि थांबला म्हणावं तर थांबत नाही, सकाळपासून चालू होता. माळमड्डीत गोदूमावशीच्या घरामागं परसात एक लांबट खोली होती. मावशीच्या सासऱ्यांनी कधीकाळी कापूस साठवायला बांधलेली. सासरे गेले, कापूस गेला, खोली तेवढी राहिली. त्या खोलीच्या मधोमध, शहाबादी फरशीवर, तेवीस वर्षांची एक मुलगी हातपाय सैल सोडून, डोळे मिटून उताणी पडली होती. दारात छत्री मिटत असलेल्या माणसानं ते पाहिलं आणि हातातली मोजपट्टी टाकून तो ओरडलाच.

“अय्यो! ओ बाई! … मावशी, पाणी आणा हो, पाणी!”

मुलीनं एक डोळा उघडला.

“ओरडू नका. मेले नाहीये मी.”

“मग… मग हे काय चाललंय?”

“शवासन.”

“म्हणजे मेल्याचं सोंगच की!”

“मुलांचा योगाचा वर्ग करायचाय इथं. मुलं इथं पडणार. पडल्यावर त्यांना वर काय दिसतं, पाठीला काय लागतं, हे मला आधी नको कळायला?”

“काय कळलं मग?”

“पाठीचा बर्फ झाला. आणि वर तीन कोळिष्टकं आहेत.”

तो क्षणभर घुटमळला. मग खिशातला रुमाल काढून त्यानं फरशीवर अंथरला, त्यावर डोकं टेकलं आणि तिच्यापासून चांगलं दोन हात अंतर राखून हा सहा फुटी गडी खुशाल आडवा झाला.

“चार,” तो म्हणाला.

“काय चार?”

“कोळिष्टकं. त्या तुळईमागं एक आहे बघा. तुम्ही नीट मेला नाहीत, म्हणून दिसलं नाही.”

कौसल्या इतकी हसली, की गोदूमावशी खरंच पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

कौसल्या वाईची. लोणावळ्याला दोन वर्षं राहून मुलांना योग शिकवायचं शिकून आलेली. वाईत तिला जागा कुणी दिली नाही. स्थळं मात्र आठवड्याला एक यायची. मग विधवा, एकट्या मावशीचं पत्र आलं, ‘माझी परसातली खोली रिकामी आहे, ये.’ ही ट्रंक घेऊन मिरजेहून गाडीत बसली ती थेट धारवाड. लग्नाला तिची ना नव्हती. पण आधी ही खोली हवी होती. मुलांना मोकळेपणानं हातपाय पसरता येतील अशी, उजेडाची, वाऱ्याची, उबदार खोली.

आणि प्रभंजनच्या भावोजींची अळणावरला लाकडाची वखार होती. तो ती बघायचा. सकाळच्या गाडीनं जायचा, दुपारच्यानं परत. मावशीनं त्याला दारं-खिडक्या बघायला बोलावलं होतं, तर हा शवासन करून गेला.

दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्यानं विचारलं, “मुलं केवढी असणार?”

“पाच वर्षांपासून दहापर्यंत.”

तो गुडघ्यांवर बसला आणि तसाच, गुडघ्यांवरच, खोलीभर फिरला. धोतर मळलं, त्याची पर्वा नाही.

“एवढ्या उंचीवरून नुसती भिंत दिसते हो. मुलं भिंत बघत बसणार? इथं खिडकी पाहिजे. बाहेर तो पेरू आहे, तो दिसेल.”

कौसल्या त्याच्याकडे बघतच राहिली. लोणावळ्याच्या दोन वर्षांत जे कुणी सांगितलं नव्हतं, ते ह्या लाकूडवाल्यानं गुडघ्यांवर चालून शोधलं होतं.

“आणि खाली लाकडाची जमीन हवी,” ती म्हणाली. “गार नको, घसरडी नको, उडी मारली तर गुडघ्याला लागायला नको.”

“करतो की. पुढच्या उन्हाळ्यात.”

“पुढच्या…? अहो, मला दिवाळी झाली की वर्ग सुरू करायचाय!”

“बाई, लाकूड ओलं आहे. एक उन्हाळा खाल्ल्याशिवाय त्याला अक्कल येत नाही. आज ठोकलं तर चैत्रात एकेका फटीत तुमची मुलं बोटं अडकवून रडत बसतील.”

“म्हणजे मी आठ महिने वाट बघू?”

“मी येत जाईन की मधूनमधून. कसं वाळतंय ते सांगायला.”

आता मला सांगा, लाकूड वाळत होतं अळणावरला. ते कसं वाळतंय हे सांगायला दर दोन दिवसांनी माळमड्डीत यायची काय गरज होती? पण तो आला. दिवाळीनंतर नऊ मुलं घोंगड्यांवर बसून ॐ म्हणायला लागली, तरी येत राहिला. कधी खिडकीची चौकट बसवायला, कधी भिंतीतले खिळे उपटायला, कधी नुसताच. मुलांना लागू नये म्हणून त्यानं खोलीतला एकूण एक कोपरा घासून गोल केला. आधी स्वतः तळवा फिरवून बघायचा, मग म्हणायचा, “आता तुम्ही फिरवा. कुसळ लागतं का बघा.” मग ती फिरवायची. दोघांचे हात एकाच चौकटीवरून, मध्ये वीतभर अंतर ठेवून, सावकाश फिरत राहायचे… कुसळ कधीच सापडलं नाही, तरी शोधणं काही थांबलं नाही.

वर्गाला मदतीला जयलक्ष्मी यायची. प्रभंजनची थोरली बहीण अंबूअक्का, तिची ही एकुलती एक मुलगी, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. आई गेली तेव्हा प्रभंजन चार वर्षांचा होता. अंबूअक्का लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा माहेराहून तिनं काय नेलं असेल, तर हा भाऊ नेला. तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, नवऱ्याच्या वखारीत बसवलं. जया सात वर्षांनी झाली. शांत पोर. लहान मुलांच्या पाठी धरायची, घोंगड्या घडी करून ठेवायची आणि चहा झाला की दाराआडून सांगायची, “मामा, तुमचा चहा ठेवलाय.”

“अगं, आमच्या वाईला भाच्या मामाच्या खांद्यावर चढून पेरू काढतात!” कौसल्या एकदा म्हणाली. “आणि ही बघा, अहो-जाहो करते. मामा आहे का मामलेदार?”

जया लाल झाली आणि आत पळाली. गोदूमावशी हसून म्हणाली, “इकडची पद्धतच तशी आहे गं बाई.”

मावशीला वाटलं, सांगून झालं. आणि कौसल्येला वाटलं, इकडची माणसं फार रीतीची. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याचा मग जीव जातो.

संक्रांतीच्या आधी प्रभंजन म्हणाला, “अक्कानं जयाला साडी घ्यायला सांगितलंय. मला रंगातलं काही कळत नाही. मावशींना घेऊन तुम्ही येता का हुबळीला?”

गेले तिघं. बसमध्ये मावशीला नवनगरपर्यंत डुलकी लागली आणि ह्या दोघांना खिडकीबाहेर बघायचं काम लागलं. दुकानात कौसल्येनं वीस-पंचवीस साड्या उलटसुलट करून एक डाळिंबी इरकल काढली, हिरव्या काठाची. “ही! जयाच्या रंगाला ही खुलेल. घ्या डोळे मिटून.” त्यानं घेतली. परतताना स्टँडवर तिघांनी गिरमिट खाल्लं, मसाल्यातले चुरमुरे आणि वर तळलेली मिरची. मिरची कौसल्येच्या डोक्यात गेली, डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि तरी हसतेय. तो तिच्याकडे बघत म्हणाला,

“बाई… एक सांगायचं होतं.”

“सांगा की!” तिनं त्याच्यासारखाच हेल काढला.

तो बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, “काही नाही. लाकूड… छान वाळतंय.”

वैशाखात फळ्या आल्या. अळणावरची सागवानी लाकडं, महिनाभर रंधा मारून गुळगुळीत केलेली. महादेव सुतार आणि प्रभंजन दोघांनी मिळून आठ दिवसांत जमीन घातली. पॉलिश नको, मुलं घसरतील, म्हणून नुसतं अळशीचं तेल चोळलं. खोलीभर तो वास. शेवटच्या दिवशी कौसल्या अनवाणी खोलीभर फिरली आणि भिंतीपाशी थबकली.

“इथं कमी पडलं की हो लाकूड! बोटभर फट आहे सगळीकडे.”

“कमी नाही पडलं. सोडलंय. पावसाळ्यात लाकूड फुगतं, बाई. त्याला सरकायला जागा नसली तर मधोमध उचकटतं. मग सगळीच जमीन जाते.”

“वाळवलेलं लाकूडसुद्धा?”

“वाळवलेलंसुद्धा. दरवर्षी.”

सुतार हत्यारं गोळा करून गेला. दोघं नव्या जमिनीवर, खिडकीपाशी, पाय पसरून बसली. बाहेर पेरूवर पोपटांचा दंगा चाललेला.

“तुमची खोली झाली,” तो म्हणाला. “आता मला यायला कारण उरलं नाही.”

“कारण लागतं?” … हे ती इतक्या हळू म्हणाली, की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

त्याला मात्र आलं. त्याचा हात जमिनीवरून तिच्या हातापर्यंत आला, वीतभरावर थांबला, आणि तो उठून, चप्पल घालायचीही विसरून, निघून गेला. कौसल्येनं ती चप्पल उचलून आत ठेवली. त्या दिवशी तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

असं सुख एकटीनं पोटात ठेवता येतं होय? दुसऱ्या दिवशी जया आणि ती मुलांच्या आसनांना खोळी शिवत बसल्या होत्या. मान वर न करता कौसल्या म्हणाली, “जया, तुला एक सांगू? हसायचं नाही हं. तुझा मामा… मला फार आवडतो गं.”

जयाची सुई थांबली.

“आणि मला वाटतं, त्यांनाही… पण ते बोलत नाहीत, आणि मी बाईमाणूस, मी कशी बोलणार? तू सांगतेस? तुझा तर हक्काचा मामा तो. विचार त्यांना, म्हणावं, वाईला माझ्या वडिलांना पत्र घालता का.”

खोळीच्या पांढऱ्या कापडावर एक लाल ठिपका उमटला. सुई बोटात गेली होती. जयानं बोट तोंडात धरलं, काढलं, आणि म्हणाली, “सांगते की, ताई.”

तिनं सांगितलंही. शब्दाला जागली पोर.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी प्रभंजन आला. कौसल्या त्याच्या चपला हातात घेऊन दारात उभी होती, चेष्टा करायच्या तयारीत. त्याचं तोंड बघून तिनं चपला खाली ठेवल्या.

“जयानं सांगितलं मला,” तो म्हणाला. “कालपासून जेवली नाही ती.”

“का? मी मामी म्हणून पसंत नाही का तिला?”

“बाई… तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“काय माहीत नाही?”

“जयाचं आणि माझं ठरलंय. ती पाळण्यात होती तेव्हाच अक्कानं शब्द घेतलाय. तिचं बी. ए. झालं की लग्न.”

“काहीतरीच काय बोलता! अहो, मामा ना तुम्ही तिचे?”

“म्हणूनच की.”

वाईच्या मुलीला ते शब्द कळायला वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. ते अहो-जाहो, ते लाजून पळणं, मावशीचं ‘इकडची पद्धत’. अक्काच्या मुलीवर भावाचाच पहिला हक्क, ही ह्या मातीतली साधी गोष्ट. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली.

“ती साडी,” ती म्हणाली. “डाळिंबी. ती कशाची होती?”

त्यानं मान खाली घातली.

“साखरपुड्याची होती ना? आणि मी हौसेनं निवडली! प्रभंजनराव, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“आधी वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. सगळ्यांनाच माहीत आहे. मग एक दिवस कळलं, माहीत नाही. आणि मग…” त्यानं चौकटीवरून तळवा फिरवला. “मग वाटलं, नाहीच कळलं तर बरं. तुम्ही अशाच हसत राहाल. मी चुकलो, बाई. फार चुकलो.”

ती खाली बसली. तोही बसला, दारातच, उंबऱ्याबाहेर.

“तुम्ही एक शब्द बोला,” तो म्हणाला. “मी अक्काच्या पाया पडतो आणि वखार सोडून येतो. वाईला काय लाकूड लागत नाही?”

“जया काय म्हणाली?”

“म्हणाली, ताईंना हो म्हणा.”

“मला उद्यापर्यंत वेळ द्या.”

सकाळी वर्गाला जया आली, रोजच्यासारखी. डोळे सुजलेले, पण वेणी घट्ट. मुलं गेल्यावर कौसल्येनं तिला खिडकीपाशी बसवलं आणि सरळ विचारलं, “तुला ते आवडतात?”

“मला कळायला लागल्यापासून हेच सांगितलं, की हा तुझा नवरा. आवडणं-न आवडणं काय असतं, मी कधी बघितलंच नव्हतं.” जया बोट चोळत राहिली. “परवा तुम्ही त्यांचं नाव घेतलंत, तेव्हा कळलं, ताई. सुई लागली ते नंतर दुखलं.”

कौसल्येनं तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या. कोण कुणाला समजावत होतं, देव जाणे.

संध्याकाळी प्रभंजन आला तेव्हा ती उंबऱ्यातच उभी होती.

“प्रभंजनराव,” ती म्हणाली, “वाईला लाकूड लागत नाही.”

तो खांबाला धरून उभा राहिला.

“अक्कानं तुम्हाला लेकरासारखं वाढवलं. ही पोर तुमच्याकडे बघत मोठी झाली. त्या दोघींना रडवून मी संसार मांडला, तर त्या घरात मला घास गिळवणार नाही. जा तुम्ही.”

“आणि तुमचं काय?”

“मला खोली आहे.”

खरं सांगू? मला त्याचा राग येतो. तिनं नको म्हटलं हे खरं, पण त्यानं एकदा, एकदा तरी, हट्ट धरायचा होता. निदान उंबरा ओलांडून आत यायचं होतं. पण नाही. वर्षभर लाकूड वाळवणारा माणूस तो. बहिणीपुढं आणि ह्या मुलीपुढं, दोघींपुढं त्याची मान खालीच राहिली. तो चपला घालून गेला. कौसल्येनं दार लावलं आणि नव्या जमिनीवर पालथी पडून, अळशीच्या तेलाच्या त्या वासात, ओक्साबोक्शी रडली.

मार्गशीर्षात लग्न झालं. कौसल्या गेली, अक्षता टाकल्या, जयाला गजरा माळला. डाळिंबी साडी जयाला खुलली होती. वाईहून वडिलांची पत्रं आली, स्थळं आली, पुढं पत्रंच यायची थांबली. ती धारवाडातच राहिली. नऊ मुलांची चाळीस झाली. हुबळीहून, देशपांडे नगरातून आया बसनं मुलांना घेऊन येऊ लागल्या. असली उबदार जमीन दुसरीकडे नाही म्हणायच्या. कोणी घातली म्हणून विचारलं, तर कौसल्या सांगायची, “अळणावरचं लाकूड आहे,” आणि तेवढंच सांगायची. दर पावसाळ्यात भिंतीपाशची फट मिटायची, दर उन्हाळ्यात उघडायची. जमीन मधोमध कधी उचकटली नाही.

आठ वर्षं गेली.

गणपती नुकतेच झालेले, तोच भुरभुर पाऊस. जयाची थोरली, सहा वर्षांची सीता, महिनाभर वर्गाला येत होती. रोज जया आणून सोडायची. त्या दिवशी जयाला ताप होता. मुलं शवासनात पडली होती, कौसल्याही मधोमध डोळे मिटून पडली होती. उशिरा आलेली सीता चोरपावलांनी येऊन तिच्या शेजारी आडवी झाली. दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला.

“बाई…” अगदी हळू. “जिवंत आहात ना?”

ती छत्री कुणाची, हे डोळे न उघडताही तिला कळलं होतं. आठ वर्षांत तो ह्या परसात आला नव्हता. मुलं होती म्हणून ती उठली नाही.

“आहे की,” ती म्हणाली.

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आतही आला नाही, गेलाही नाही. शेजारी सीता कुजबुजली, “टीचर, वर कोळिष्टकं आहेत.”

“किती आहेत?”

“एक… दोन… तीन.”

खोली ती दर शनिवारी स्वतः झाडायची, काठीला फडकं बांधून. ही तीन कोळिष्टकं आठवडाभरात पुन्हा व्हायचीच. एक मात्र तिनं आठ वर्षांत कधी काढलं नव्हतं.

“नीट बघ, सीता,” कौसल्या म्हणाली. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. “तुळईमागं बघ.”

“अय्यो, हो! चार!”

दारात छत्री उघडली. पावलं परसातून, पेरूखालून, सावकाश बाहेर गेली.